निंबाचे गुडघे

२७ नोव्हेंबर १९९६, बुधवार

उषेने ही वही आणून दिली. म्हणाली, "दिवसभर माझ्याशी जे बोलता ते आता हिच्याशी बोला." बायकोने नवऱ्याला इतक्या सभ्यपणे गप्प केल्याचं दुसरं उदाहरण माझ्या ऐकिवात नाही.

तर वस्तुस्थिती अशी. डावा पाय मांडीपासून पावलापर्यंत प्लास्टरमध्ये. मी पलंगावर. पलंग सुरतेतल्या उधन्याला, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. मी जळगावच्या एका दैनिकाचा सुरतेचा वार्ताहर. नवरात्राच्या आधी रस्तारुंदीकरणाची बातमी आणायला गेलो, आणि रस्ता रुंद व्हायच्या आधीच खणलेल्या चरात सामावलो. तिन्हीसांजेची वेळ. खालून हाका मारत होतो. वरून माणसं डोकावत आणि पुढे जात. गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे खड्ड्यात पडलेला माणूस प्यालेलाच असणार याची इथे सर्वांना खात्री असते, आणि साक्षीदार व्हायला कोणाला वेळ नसतो. शेवटी एका हातगाडीवाल्याने ओढून काढलं. भेटायला येणाऱ्यांना हे मी रंगवून सांगतो. लोक खूप हसतात.

उषा एका ट्रस्टच्या रुग्णालयात परिचारिकांना शिकवते. त्याशिवाय शेजारच्या डिंडोलीच्या बायकांचा एक वर्ग तिने अंगावर घेतला आहे. सगळ्या खानदेशातल्या, घरोघरचे पुरुष कापडाच्या लूमवर. या बायकांनी मार्चमध्ये मदतनीसाची परीक्षा द्यायची आणि रुग्णालयात लागायचं, असा बेत. रुग्णालयात शिकवण्यासाठी एक परदेशी रबरी बाई आहे. पण ती काचेच्या कपाटात असते, किल्ली विश्वस्तांकडे असते, आणि हात लावल्याने ती खराब होईल अशी त्यांना भीती असते. त्यामुळे बुधवारी आणि रविवारी दुपारी वर्ग आमच्या घरी भरतो. इंजेक्शन संत्र्यावर. टाके सोफ्याच्या जुन्या रेक्झिनवर. बाकी सगळं माझ्यावर. घरात आडवा पडलेला, फुकट, आणि कुठे पळून न जाणारा देह तिला आयताच मिळाला आहे.

१ डिसेंबर, रविवार

आजचा पाठ घशात अडकलेल्या घासाचा. फिनेलची रिकामी बाटली म्हणजे माणसाचं पोट आणि छाती. तिच्या तोंडात एक बोर घट्ट बसवलेलं, तो घास. बाटली नेमक्या जागी, नेमक्या झटक्याने दाबली की बोर उडतं. छायाने दाबली आणि बोर माझ्या कपाळावर येऊन आदळलं.

"काका, वाचला पेशंट!" छाया म्हणाली.

"एक वाचला, एक जायबंदी झाला. उषाताईंना विचार, याला किती मार्क?"

ही छाया वर्गातली सर्वांत लहान. गेल्या वर्षी लग्न होऊन धरणगावहून आली. नवरा रात्रपाळीला, म्हणून दिवसा घरात आवाज करायचा नाही. तो सगळा साठलेला आवाज ती आमच्या घरी घेऊन येते. सर्वांत मोठ्या शोभाबाई. त्या साड्यांना लेस लावतात, मला भाऊ म्हणतात आणि माझ्याकडे फारशा अपेक्षेने बघत नाहीत.

नंतर मी चक्कर आलेला माणूस केला, मग छातीत कळ आलेला, मग फीट आलेला. संस्कृत पाठशाळेत असताना नाटकात मला कायम विदूषक दिला जाई. राजाच्या भूमिकेची ती उपेक्षा आज भरून निघाली. वर्गातल्या वर्षाने तर खरोखर घाबरून माझ्या तोंडावर तांब्याभर पाणी ओतलं. उषा म्हणाली, "हे चूक. पण घाबरलीस हे बरोबर."

मी बायकांना एक सिद्धान्त सांगितला. संत्रं खोटं बोलत नाही, बाटली खोटं बोलत नाही. खरा रुग्ण बोलतो. दुखत असलं तर नाही म्हणतो, नसलं तर हो म्हणतो. म्हणून शिकायचं असेल तर जिवंत रुग्णच हवा. सर्वांनी वहीत लिहून घेतलं. उषेने नाही.

८ डिसेंबर, रविवार

मैद्याच्या जखमा. मैद्याचा गोळा पाण्यात मळून कातडीवर थापायचा, मधोमध चीर द्यायची, चिरेत बीट किसून त्याचा रस. कडेला काजळ लावलं की जखम जुनी दिसते. माझ्या दंडावर अशी एक झकास जखम तयार झाली की खालच्या मजल्यावरच्या पटेलबेन वाटी परत करायला आल्या आणि वाटी घेऊनच परत गेल्या.

वर्ग संपल्यावर घर एकदम रिकामं होतं. बायका जिना उतरताना बोलत जातात, आवाज मजल्यागणिक खाली जातो, आणि मग फक्त समोरच्या कारखान्यातली लूम. खट खट खट. छतावर ओल उतरून सुरतेजवळच्या हजिऱ्याच्या किनाऱ्याच्या नकाशासारखा आकार झाला आहे. मी त्यावर बंदर कुठे असेल ते बघत पडतो.

१९ डिसेंबर, गुरुवार

प्लास्टर कापलं.

दोघा शेजाऱ्यांनी मला खुर्चीत बसवून खाली नेलं. हाडांचे डॉक्टर गोल करवत घेऊन आले आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "साहेब, करवत प्लास्टर कापे छे, पत्रकार नहीं." आतून जो पाय निघाला तो माझा वाटेना. बारीक, पांढरा, सालपटं निघालेला. फोटो उजेडासमोर धरून डॉक्टर म्हणाले, "हाडकुं जोडाई गयुं छे. हवे चालवानुं. आजथीज." हाड जुळलं, आता चालायचं, आजपासूनच.

उषेने प्लास्टरची दोन्ही शकलं मागून घेतली आणि पिशवीत घातली. "कशाला?" म्हटलं तर म्हणाली, "लागतील." या बाईच्या हाती उद्या माझा सांगाडा लागला तरी ती म्हणेल, लागेल.

डॉक्टरांनी ॲल्युमिनियमचा वॉकर दिला आहे. पलंगाजवळ उभा आहे. चार पाय असूनही त्याला कुणी चालायचा आग्रह करत नाही.

२२ डिसेंबर, रविवार

चालायला सुरुवात केली नाही, कारण आज वर्ग होता. वर्गाला रुग्ण लागतो.

२३ डिसेंबर, सोमवार

पावलाला सूज आहे. सूज असताना घाई करू नये, हे सामान्य ज्ञान. उषेने पाऊल दाबून पाहिलं. "सूज नाहीये," म्हणाली, आणि पुढे काही न बोलता कांदे चिरायला गेली. ती वाद घालत नाही तेव्हा मला अस्वस्थ वाटतं. पूर्वपक्ष मांडलाच नाही तर मी उत्तर कशाला देणार?

मी काही अगदीच पडून नसतो. वॉकर पुढे सरकवून, डावा पाय उचलून धरून, उजव्यावर उड्या मारत मोरीपर्यंत जातो. उषा म्हणते हे चालणं नव्हे. डावा टेकवून का बघत नाही, विचारते. टेकवीन ना. फरशी गार असते.

२५ डिसेंबर, बुधवार

आज वर्गात मी गौण होतो. शोभाबाई बाजारातून कापडाच्या ताग्यांच्या पुठ्ठ्याच्या नळ्या घेऊन आल्या. छायाच्या नवऱ्याने लूमचा वाया गेलेला धागा पोतंभर पाठवला. सगळ्यांनी मिळून कापडी माणूस करायचा आहे.

"मी काय मेलो?" मी पलंगावरून विचारलं.

"छाती दाबणं तुमच्यावर शिकवता येत नाही," उषा म्हणाली. "जिवंत माणसाची बरगडी मोडते."



१ जानेवारी १९९७, बुधवार

कापडी माणूस पुरा झाला. खरं सांगायचं तर बरा झाला आहे. हातापायांत पुठ्ठ्याच्या नळ्या, त्यावर चिंध्या, वरून गव्हाळ रंगाच्या क्रेपच्या तुकड्यांची कातडी. फुप्फुसं दुधाच्या पिशव्यांची. तोंडाने हवा भरली की छाती वर येते. मनगटात सलाइनची नळी. तिला रिक्षाच्या भोंग्याचा रबरी फुगा जोडला आहे. एकीने फुगा दाबत राहायचं, दुसरीने नाडी मोजायची. छातीत स्पंज आणि त्याखाली बिस्किटांच्या डब्याचं झाकण. पुरेसं खोल दाबलं तरच झाकण टक् वाजतं. आणि डाव्या पायाला, दोन शकलं नाडीने बांधून, माझं प्लास्टर.

पण एकीही त्याला हात लावेना. जमिनीवर उताणा, अंगावर पांढरी चादर. धुरपदाबाई म्हणून एक आहेत, त्या भिंतीला चिकटून उभ्या. उषेने विचारलं, काय झालं?

"ताई, हे काय म्हणून हात लावायचा?" शोभाबाई म्हणाल्या. "नाव नाही, गाव नाही. असं पडलेलं आम्ही एकदाच बघतो, घरातून न्यायच्या आधी."

उषा शास्त्राची बाई. ती वहीत उत्तर शोधायला लागली. मग छायाच म्हणाली, "मंग नाव ठेवू ना. बारसं करू."

आणि केलं. खरोखर. चादर बदलून लाल साडी अंथरली. शोभाबाईंनी कुंकू लावलं. छाया आत्या झाली, त्याच्या कापडी कानात कुर्रर्र करून नाव सांगितलं आणि बाकीच्यांनी चाल सोडली नाही, तिच्या पाठीत धपाधप घातले. नाव निंबा. शोभाबाईंचं म्हणणं, पोरं जगत नसली की असं कडू नाव ठेवायचं, म्हणजे यम तोंड लावत नाही. मला एखादा श्लोक म्हणायचा आग्रह झाला. मी आयुष्मान् भव म्हटलं. एका पुठ्ठ्याला! सगळ्या "भव" म्हणाल्या.

नंतर चहाबरोबर घुगऱ्या. मग मात्र बायकांनी निंबाला जे हाणलं, ते बघून मला बरगड्या सावरून घ्याव्या लागल्या. टक्. टक्. टक्.

५ जानेवारी, रविवार

निंबाला माझा निळा सदरा घातला आहे. मला न विचारता.

वर्गही आता बाहेरच्या खोलीत. "इथे जागा पुरत नाही," म्हणे. गेला महिनाभर पुरत होती. मी आतून फक्त ऐकतो. टक् वाजलं की बायका "वाऽ" करतात. मी आतून एकदा हाक मारली की निंबाला घाम येत नाही, घाम कसा ओळखणार? बाहेरून छाया म्हणाली, "काका, निंबादादा कुरकुर पण करत नाही." हशा.

माठ पलंगाशेजारी असायचा, तो स्वयंपाकघरात गेला. इथे ओल धरते म्हणे. टेलिफोनही बाहेरच्या खोलीत. वायर आखूड आहे. तीन महिने लांब होती.

ही उपेक्षा हेतुपुरस्सर नाही हे मला कळतं. नवीन मूल घरात आलं की मोठ्याकडे दुर्लक्ष होतंच.

८ जानेवारी, बुधवार

आज घरी कुणी नसताना पलंगाच्या कडेला बसलो आणि डावा पाय टेकवायचं ठरवलं. पंजा टेकला. टाच टेकवायला गेलो आणि खाली फरशी नाहीच असं वाटलं. म्हणजे फरशी होती. दिसत होती; उषेने सकाळीच पुसली होती. पण पायाला ती पटेना. पाय वर घेतला आणि बराच वेळ पडून राहिलो. अंगाला घाम. निंबाला येत नाही तो.

हे वाचणारं कोणी नाही म्हणून लिहिलं.

१४ जानेवारी, मंगळवार

उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत. सगळी सुरत गच्च्यांवर आहे. आमची इमारत तर पहाटेपासून वर. पटेलबेन उंधियूची वाटी पलंगाशी ठेवून गेल्या, "अंकल, आवो ने उपर," म्हणाल्या आणि उत्तराची वाट न बघता पळाल्या. उषेनेही विचारलं. फक्त एक मजला चढायचा आहे, मी धरते. मी म्हटलं, तू जा, मला लिहायचंय. ती गेली.

काय लिहायचं? वार्ताहर म्हणून मी उत्तरायणाचा वृत्तांत आवाजांवरून लिहितो आहे. डोक्यावर धावणारे पाय. "काऽऽप्यो छे!" थाळ्या. लाउडस्पीकर. खिडकीच्या चौकोनातून अधूनमधून एखादा कापलेला पतंग डुलत खाली जातो, कुठून सुटला आणि कुठे पडणार ते दिसत नाही. मधलाच भाग.

दार उघडं होतं म्हणून बाहेरच्या खोलीतला निंबा दिसत होता. माझा सदरा, माझं प्लास्टर. चेहऱ्यावर वर्षाने काढलेलं हसू. आम्ही दोघं खाली, बाकी जग वर. मी त्याला म्हटलं, "तू तरी जा." मग स्वतःलाच शरमलो आणि उंधियू खाल्लं. थंड झालं होतं.

२२ जानेवारी, बुधवार

गजेंद्र येऊन गेला. गेले चार महिने माझ्या नावाने हाच धावतो. बातमी तो आणतो, भाषा मी नीट करतो. चांगला मुलगा, फक्त प्रत्येक वाक्यात 'दरम्यान' घालतो. खुर्चीच्या कडेला बसला, चहा घेईना.

"सर, संपादकांचा फोन होता. बारडोलीला साखर कारखान्याची सभा आहे, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. तुम्ही जाणार का, विचारत होते."

"तू काय सांगितलंस?"

"मी म्हटलं, सरांना विचारतो." मग चपलांकडे बघत म्हणाला, "नाही जमलं तर सुरतचं काम कायमचं माझ्याकडे देतील म्हणत होते. सर, मी मागितलं नव्हतं."

मी म्हटलं, "दरम्यान, चहा घे."

तो हसला नाही. जाताना वाकून नमस्कार केला. निरोपाला करतात तसा वाटला.

उषेला सांगितलं. ती निंबाच्या छातीतलं झाकण बदलत होती. बायकांनी दाबून दाबून पहिलं चेपवलं. "मग?" तिने विचारलं. मी म्हटलं, "बघू." ती म्हणाली, "बघा."

२६ जानेवारी, रविवार

आज मी जिंकलो.

वर्ग चालू असताना शोभाबाई निंबाला खुर्चीत बसवू पाहत होत्या. तो घसरला. पुन्हा बसवला, पुन्हा ढेपाळला. मग दोघींनी काखेत हात घालून उभा करायचा प्रयत्न केला, तर गुडघे चारही दिशांना वळले आणि निंबा छायाच्या गळ्यात पडला. बायका हसून लोळल्या.

मी आतून ओरडलो, "उषाताई! तुमच्या रुग्णाला गुडघे नाहीत!"

शोभाबाई म्हणाल्या, "ताई, आमच्या घरच्यांना सांगून बिजागऱ्या बसवून आणू का? लाकडाचे गुडघे होतील."

"राहू द्या," उषा म्हणाली.

मी सोडलं नाही. किती दिवसांनी सापडला होता! मी तिथूनच व्याख्यान दिलं की पडलेल्याला हलवणं, नाडी, छाती हे सगळं ठीक. पण रुग्णालयात निम्मं काम माणसाला उठवण्याचं, आणि ते पुठ्ठ्यावर येणार नाही. वजन कुठे जातं, माणूस कुठे घाबरतो, कधी खोटं बोलतो, हे जिवंत देहाशिवाय शिकणं अशक्य. परीक्षेत विचारलं तर काय करणार?

उषा दारात आली. पदराला हात पुसत होती.

"खरं आहे तुमचं," ती म्हणाली. "परीक्षेत असतंच ते. प्लास्टर काढलेल्या रुग्णाला पहिल्यांदा उभं करणं." आणि वर्गाकडे वळून, "पुढच्या रविवारी घेऊ. काका आहेत."

सगळ्या "हो काका, हो काका" म्हणाल्या. छायाने टाळी वाजवली.

मी जिंकलो तो क्षण आणि मला समजलं तो क्षण यांत फार अंतर नव्हतं. इतका वेळ मी निंबाचं व्यंग सिद्ध करत होतो, आणि अनुमान माझ्याच पायावर येऊन थांबलं.

२९ जानेवारी, बुधवार

आजचा वर्ग झाला. भाजलेल्या जखमांचा. मला कोणी बोलावलं नाही, पण जाताना प्रत्येक बाई दारातून डोकावून "रविवारी, काका" म्हणून गेली. धुरपदाबाई सुद्धा. त्या माझ्याशी आजवर एक शब्द बोलल्या नव्हत्या.

ताप येतो का पाहिलं. येत नाही. उषेला म्हटलं, बिजागऱ्यांचं काय झालं, तीन-चार दिवसांत होतील ना? ती म्हणाली, "शोभाबाईंचे यजमान गावी गेलेत." इतक्या पटकन म्हणाली की मला वाटतं त्यांनाही अजून माहीत नसावं.

१ फेब्रुवारी, शनिवार

अंगावर सूट आणि पायाखाली जमीन नाही, असा काहीतरी विनोद आठवत होता. जमला नाही. आज काहीच जमलं नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

सविस्तर लिहितो. केवळ वर्गाची गरज म्हणून उठलो, हे आधी नमूद करून ठेवतो.

बायका लवकर आल्या. शोभाबाईंनी साड्यांच्या जाड किनारी चारपदरी शिवून एक पट्टा आणला होता, मागे धरायला दोन मुठी. तो माझ्या कमरेला बांधला. उषा भिंतीशी उभी राहिली, हाताची घडी घालून, परीक्षकासारखी. पहिली छाया.

तिने आधी मला कडेला पाय सोडून बसवलं. चक्कर येते का विचारलं. मी म्हटलं, नाही. वॉकर समोर ठेवला. स्वतः डाव्या बाजूला, किंचित मागे, एक हात पट्ट्याला.

"पुढे वाका, काका. नाक अंगठ्याच्या वर. आता उठा."

उजव्यावर उठलो. सगळ्यांनी "वाऽ" केलं. "आता डावा," ती म्हणाली. "टाच आधी."

डावा खाली आणला आणि तेच. फरशी नाही. वॉकर थरथरायला लागला, ॲल्युमिनियम असल्यामुळे आवाजही करायला लागला. मागून वर्षा म्हणाली, "काका काय ॲक्टिंग करतात गं!" आणि कोणीतरी हसलं. मलाही हसायचं होतं. विदूषकाला इथे एक वाक्य असतं, ते सापडेना. मी उषेकडे पाहिलं. ती हलली नाही.

छाया माझ्या कानाजवळ आली. वर्गात ती शुद्ध बोलायचा प्रयत्न करते. आता घरची अहिराणी बोलली, हळू, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं.

"काका, भ्याव वाटस का?"

चार महिन्यांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. दुखतं का, सूज आहे का, कधी चालणार, सगळं विचारलं. डॉक्टरांनी फोटोला विचारलं. मीही कुणाला विचारू दिलं नसतं म्हणा. आयुष्यभर संस्कृतात गती असलेल्या माणसाकडे त्या क्षणी एकच शब्द होता, तोही उसना.

"वाटस," मी म्हटलं.

"मंग वाटू द्या," ती म्हणाली. "मी धरेल शे."

ओढलं नाही, ढकललं नाही. पट्टा धरून नुसती उभी राहिली. लूम वाजत होती. मी टाच टेकवली. थोडं वजन दिलं. फरशी होती. गार होती. आणखी थोडं दिलं, तेव्हाही होती. उजवा पुढे टाकला. दारापर्यंत गेलो.

टाळ्या झाल्या. मी परत येऊन घामाघूम पलंगावर बसलो. संपलं असं वाटलं, तर शोभाबाई पट्टा हातात घेऊन पुढे.

"आता मी, भाऊ."

"म्हणजे?"

"सगळ्यांना शिकायचं ना."

अर्थात! प्रत्येकीला आपापला पहिल्यांदा उठणारा रुग्ण हवा होता. शोभाबाईंनी मला गव्हाच्या पोत्यासारखं उभं केलं. वर्षा स्वतःच इतकी थरथरत होती की मीच तिला धीर दिला. धुरपदाबाई चालताना सारखं "बस, बस, पोरा" म्हणत होत्या. त्या माझ्याहून दोन-चार वर्षांनी लहान असाव्यात. शेवटी शेवटी पाय दुखायला लागला, आणि दुखतो म्हणून मी वैतागून बोललो. उषा तेवढ्यात भिंतीशी उभ्यानेच म्हणाली, "आता दुखणार. लिहून घ्या गं." लिहून घेतलं.

वर्ग गेला. जिन्यावरचे आवाज खाली गेले. उषेने भांडी विसळली, निंबाला कोपऱ्यात सारलं, आणि येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"आता माझी पाळी."

"तुला कसली परीक्षा?"

तिने पट्टा धरला. मी उठलो. एव्हाना मला त्याचं काही वाटत नव्हतं, पण मागे पट्ट्याला हिसके बसत होते. आधी वाटलं ती घाई करते आहे. मग कळलं, तिचे हात कापत होते. वीस वर्षं जी बाई मुलींना हात स्थिर ठेवा म्हणून ओरडत आली, तिचे.

बाहेरच्या खोलीतून, दारातून, जिन्याच्या चौथऱ्यापर्यंत गेलो. तिथे पायरीवर बसलो. ती शेजारी बसली. संध्याकाळ होत आली होती. खाली कोणाच्या तरी घरी फोडणी पडल्याचा वास.

"त्या दिवशी," ती म्हणाली, "तुम्हाला उशीर झाला. मला वाटलं, बसला असाल कुठेतरी गप्पा मारत. राग आला. मी जेवून घेतलं."

मी डावा पाय खालच्या पायरीवर सोडला.

"तुम्ही तिथे हाका मारत होतात आणि मी जेवत होते."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पट्ट्याची मूठ अजून हातात होती, माझी कंबर त्यात. मला चार महिने वाटत होतं की ती मला उठवायला बघते आहे आणि मी चुकवतो आहे. ती रोज माठ हलवत होती, टेलिफोन हलवत होती, निंबा शिवत होती, आणि हे तिच्या घशाशी होतं.

"काय केलं होतंस?" मी विचारलं.

"कशाचं?"

"जेवायला."

"वांग्याची भाजी," ती म्हणाली.

"मग मी काही फार गमावलं नाही."

तिने पट्टा खसकन ओढला. मग हसली, तोंडाला पदर लावून, बराच वेळ. मध्येच ते हसणं नव्हतं, मग पुन्हा होतं. पटेलबेनांनी खालून दार उघडून वर बघितलं आणि दार लावून घेतलं.

"उठा," उषा नाक पुसत म्हणाली. "परत जायचंय अजून."

"गजेंद्रला फोन करायचाय," मी म्हटलं. "बारडोलीला बस कितीला आहे, ते त्याला माहीत असेल."

"फोन बाहेरच्या खोलीत आहे."

"माहीत आहे," मी म्हटलं, आणि नाक अंगठ्याच्या वर आणलं.